वाचकांचे प्रश्न : कल गेला कुठे?

प्रश्न : सोलापूर बाजार समितीतील कांद्याच्या भावांचा अभ्यास करण्यापूर्वी सराव म्हणून मी ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत 0.05 कल (दर पायरीची सरासरी वाढ) आणि 1 प्रमाण विचलन (पायऱ्यांतील चढउताराचे माप) असलेले 100 पायऱ्यांचे यादृच्छिक भ्रमण (मागील किमतीत यदृच्छया बदल मिळवत जाणारी मालिका) तयार केले. परंतु त्यावर ‘अरिमा’ (0,1,0), म्हणजे लगतच्या नोंदींतील फरक एकदा घेणारे कालमालिकेचे प्रतिमान, बसवल्यावर कल दिसतच नाही. असे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : एकदा फरक घेतला की मूळ ‘अरिमा’ फलन स्थिरपद, म्हणजे हाच कल, गाळते, आणि निकालात त्याचा साधा उल्लेखही करत नाही. म्हणून ‘डिफ’ वापरून लगतच्या नोंदींतील फरकांची सरासरी काढावी, किंवा ‘अरिमा’ला बाह्य चल पुरवणाऱ्या ‘एक्सरेग’मध्ये नोंदींचे क्रमांक द्यावेत. तरीही 100 फरकांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) 0.1 येते, त्यामुळे 0.05 चा कल तिच्यात बुडणारच. तो ओळखू येण्यासाठी निदान 1,600 पायऱ्या घ्याव्यात. प्रत्यक्ष भाव भरताना सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर) यात्रेत बाजार बंद असल्यास त्या दिवशी शून्य लिहू नये, जागा रिकामी ठेवावी.