रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना : लेख लिहायला घेण्याआधी

तुमचे प्रश्न तीन आहेत. मूकपटातली सुलोचना आणि आपल्या सुलोचनादीदी एकच का, बोलपट आल्यावर तिचं करिअर संपलं हे खरं का, आणि तिचे मूकपट आज कसे अभ्यासायचे. पहिल्याचं उत्तर 'नाही'. दुसऱ्याचं 'फारसं नाही', आणि लेखाचा खरा ऐवज तिथेच आहे.

आधी नावाचा घोळ. मूकपटातली सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, जन्म १९०७, पुणे. सुलोचना लाटकर, म्हणजेच सुलोचनादीदी, १९२८ च्या. त्या चित्रपटात आल्या तोवर रूबीचा नायिका म्हणून काळ उलटून गेला होता. सुलोचना चव्हाण तिसऱ्या, लावणीच्या. १९४० पर्यंतच्या यादीत अडचण येत नाही. घोळ सुरू होतो तो स्वातंत्र्यानंतर, कारण रूबी मायर्स छोट्या भूमिका करत राहिली आणि त्याच वर्षांत लाटकर हिंदीत आईच्या भूमिकांत गाजत होत्या. इंटरनेटवरच्या याद्यांत दोघींचे चित्रपट सर्रास एकत्र झाले आहेत. श्रेयनामावलीत नुसतं 'सुलोचना' दिसलं की चित्रपट लावून चेहरा पाहा, दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

दुसरी नेहमीची चूक : 'अँग्लो-इंडियन' किंवा 'बेने इस्रायली'. दोन्ही नाही. ती बगदादी ज्यू घराण्यातली. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू, मराठी बोलणारे, आडनावाला 'कर' लावणारे. बगदादी मंडळी इराककडून व्यापारानिमित्त आलेली. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) डेव्हिड ससून यांनी बांधलं ते याच समाजाचं. हा फरक नुसता जातपात सांगण्यापुरता नाही. हिंदुस्थानी भाषेवर तिची पकड नव्हती आणि पुढचं सगळं वळण त्यातून आलं.

ती टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीचे मोहन भवनानी यांनी विचारलं तेव्हा तिने आधी नकार दिला. घरंदाज मुलीने सिनेमात जाणं तेव्हा बदनामीचं होतं. म्हणूनच ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली त्या काळात पडद्यावर पुढे दिसतात आणि त्यांना हिंदू नावं मिळतात. रेने स्मिथची सीता देवी झाली तशी रूबीची सुलोचना. 'वीर बाला' १९२५ चा. १९२६ मध्ये 'सिनेमा क्वीन' आणि चंदुलाल शहांचा 'टायपिस्ट गर्ल'. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त तिने आठ सोंगं वठवली. त्यांत माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, केळीवालीही होती. मग अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत आर. एस. चौधरींचे 'माधुरी' (१९२८), 'अनारकली' (१९२८) आणि 'इंदिरा बी. ए.' (१९२९). टेलिफोनवाली, टंकलेखिका, पदवीधर अशी शहरातली नोकरदार-शिकलेली बाई पौराणिक पटांच्या गर्दीत तिच्यामुळे ठसली. लेखात सर्वांत जास्त जागा याला द्या.

आता बोलपट. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकला लागला. तो इंपीरियलचाच, पण इंपीरियलची सर्वांत मोठी तारका त्यात नाही, नायिका झुबेदा. इथवर सांगून लोक 'आवाजाने घात केला' असा शेवट करतात. प्रत्यक्षात सुलोचनाने साधारण वर्षभर थांबून हिंदुस्थानी शिकून घेतली आणि १९३२ मध्ये परतली ती बोलक्या 'माधुरी'तून. नंतर 'इंदिरा एम. ए.' (१९३४, पाच वर्षांत बाई पुढची पदवी घेऊन आल्या!), 'अनारकली' (१९३५), 'बम्बई की बिल्ली' (१९३६). म्हणजे स्वतःच्याच मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्या. गोष्ट प्रेक्षकाला आधीच पाठ असल्यामुळे भाषेतलं थोडं उणं त्यात खपून जायचं, असं माझं मत. १९३३ ते १९३९ या काळात तिचा नायक डी. बिलिमोरिया, आणि जोडी जोरात चालली. ओहोटी लागली ती १९३० च्या दशकाच्या अखेरीस, इंपीरियल सुटल्यावर. मधल्या सात-आठ वर्षांना 'करिअर संपलं' म्हणता येत नाही.

याच नव्या आवृत्त्यांमुळे सनावळ्या चुकतात. सुलोचनाची अनारकली १९२८ ची वेगळी, १९३५ ची वेगळी. आणि १९५३ च्या 'अनारकली'त (नायिका बीना राय) ती सलीमची आई आहे. शिवाय १९२८ मध्येच लाहोरच्या ग्रेट ईस्टर्न या कंपनीने सीता देवीला घेऊन अनारकलीवरच चित्रपट काढला होता. त्याच्या आधी पडद्यावर यावं म्हणून इंपीरियलने आपला घाईघाईने उरकला. त्यामुळे 'अनारकली, १९२८' एवढ्याच मजकुराचं छायाचित्र सुलोचनाचं म्हणून लावू नका. चेहरे जुळवताना एक ध्यानात असू द्या : त्या दशकात सर्रास वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल ओठ आणि कुंकू काळं उमटतं, निळं फिकट. ओठांच्या ठेवणीवरून ओळखायला जाल तर फसाल.

पगाराची दंतकथा कृपया तशीच उतरवू नका. महिना ५,००० रुपये, 'मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त', असं सगळीकडे छापलेलं असतं. पण १९३५ च्या भारत सरकार कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार वर्षाला १,२०,००० रुपये आहे, म्हणजे महिना १०,०००. आकडा ठेवायचा तर ठेवा, गव्हर्नर काढून टाका. पाच हजार ही त्या काळात तशीही डोळे पांढरे करणारी रक्कम.

तिसरा प्रश्न. भारतात सुमारे १,३०० मूकपट झाले, त्यांतले मोजकेच उरले, तेही बरेचसे तुकड्यांत. फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी; शिवाय बोलपट आल्यावर जुन्या प्रतींना किंमत उरली नाही, त्यांतली चांदी काढायला त्या भंगारात गेल्या. पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जाताना म्हणूनच चित्रपटासाठी नव्हे, तर छायाचित्रं, पुस्तिका आणि पोस्टरं मागायची तयारी ठेवा. त्याच्या जोडीला त्या वर्षांची वृत्तपत्रं, विशेषतः जाहिराती : चित्रपट कुठे लागला, किती आठवडे टिकला, हे तिथेच कळतं. मूकपटाची भाषा 'हिंदी' लिहू नका. दृश्यांच्या मधल्या मजकुराच्या पाट्या एकाच प्रतीत दोन-तीन भाषांतही असत.

सेन्सॉरच्या नोंदीत लांबी फुटांत असते. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम). सेकंदाला १६ चौकटींनी मिनिटाला ६० फूट जातात, २४ ने ९०. ८,००० फुटांचा मूकपट १६ ने २ तास १३ मिनिटं चालेल, २४ ने दीड तासाच्या आत संपेल. मूकपट १६ ते २० च्या दरम्यान फिरवत, त्यामुळे कालावधी लिहायचा झाला तर वेगही लिहा, नाहीतर सरळ फूटच द्या.

राहिलेल्या तारखा : दादासाहेब फाळके पुरस्कार १९७३ सालचा, निधन मुंबईत १० ऑक्टोबर १९८३.