ट्रॉम्सोला मास्टर्सला जातोय, उणे तीसचं जॅकेट पुण्यातूनच घेऊ का?

तुमचा प्रश्न असा की ऑगस्टपासून उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या विद्यापीठात जायचंय, तिथली थंडी झेपेल का आणि उणे तीस अंशांचं जॅकेट इथूनच न्यावं का. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हेच विचारतं, आणि दर वेळी खाली दहा जण जॅकेटच्या कंपन्यांवरून भांडतात. बुटाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून लिहायला बसलो.

ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या साधारण ३५० किलोमीटर उत्तरेला आहे. नकाशा बघून घरचे घाबरतात ते यामुळे. पण गाव बेटावर वसलंय, आणि अटलांटिकचा उबदार प्रवाह शेजारून जातो. जानेवारीची सरासरी उणे तीन-चार. गावात आजवर नोंदलेला नीचांक उणे १८.४. उणे तीसचं जॅकेट चढवून बसमागे धावलात की आतून घामाने चिंब होणार, आणि थांब्यावर उभे राहिलात की तोच घाम गार पडणार. सियाचीन डोक्यातून काढून टाका. ट्रॉम्सोतला खरा वैरी शून्य अंश आहे.

उणे दहाला बर्फ कोरडा असतो, पायाखाली करकर वाजतो, बूट धरून ठेवतो. शून्याच्या अलीकडे-पलीकडे मात्र बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तळाला धरायला काहीच उरत नाही. ट्रॉम्सोचा हिवाळा नेमका या रेषेवर वरखाली करतो. हे चार दिवसांत कसं घडतं ते बघा, कारण पहिल्या वर्षीची मुलं यातल्या चौथ्या दिवशी पडतात. पहिल्या दिवशी वीतभर भुसभुशीत बर्फ पडतो. नांगराची गाडी येऊन तो बाजूला सारते, पण फुटपाथवर दाबून बसलेली दोन बोटांची साय राहतेच. दुसऱ्या दिवशी समुद्रावरून वारा आणि पाऊस येतो, पारा अधिक चारवर जातो. सगळं वितळून रस्ता मोकळा होईल असं वाटतं, पण साय वितळत नाही, नुसती ओली होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट तिला पॉलिश करतात. नगरपालिका वर बारीक खडी टाकते. तिसऱ्या रात्री ढग हटतात, वारा जमिनीकडून सुटतो आणि सगळं गोठतं. खडी पाण्यात बुडालेली असते, ती तशीच काचेखाली अडकून राहते, उपयोग शून्य. आणि चौथ्या सकाळी त्यावर दोन सेंटिमीटर ताजा, पांढराशुभ्र बर्फ. दिसायला सगळ्यात सुंदर असलेला दिवस चालायला सगळ्यात वाईट असतो. त्यात बेटाच्या मधोमध डोंगराची धार आहे, म्हणजे वर प्रेस्तव्हानेत तळ्याकडे खोली मिळाली तर ब्रेइविकाच्या कॅम्पसपर्यंत उतारच. घसरलं की माणूस हात टेकवतो आणि मनगट मोडून घेतो.

यावर उपाय म्हणजे ब्रॉडर. बुटावर ताणून बसवायची रबराची जाळी, खाली लोखंडी खिळे. क्रीडासाहित्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. फक्त टाचेला बसणारे घेऊ नका, पूर्ण तळाचे घ्या, कारण चढावर जोर चवड्यावर येतो. दुकानात स्वतःचा बूट घालूनच माप बघा. रबर गारठ्यात ताठरतं, सैल असेल तर चालता चालता निघून बर्फात पडतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. डांबर उघडं दिसलं की काढा, खिळे बोथट होतात. दुकानात शिरताना तर काढाच: फरशीवर लोखंड बर्फापेक्षा जास्त घसरतं. बर्फावर न पडलेली कितीतरी माणसं किराणा दुकानाच्या दारात सपशेल आडवी होतात. ब्रॉडर नसतील त्या दिवशी पावलं छोटी, सगळा तळ एकदम टेकवायचा, भार पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. हात बाहेर म्हणजे हातमोजे आलेच.

दुसरी वस्तू रिफ्लेक्टर. दंडाला किंवा बॅगेला लटकवायचा, अनेकदा बँका-ग्रंथालयांत फुकट मिळतो. गाडीच्या खालच्या दिव्यांत काळ्या जॅकेटमधला माणूस चालकाला २५-३० मीटरवर दिसतो, रिफ्लेक्टर असेल तर सुमारे १४० मीटरवर. आणि आपण सगळे जॅकेट काळंच घेतो.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. अंगालगत लोकरीचं पातळ बनियन आणि लांब विजार, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा आणि पाऊस अडवणारं पातळ कवच. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं. जास्त पैसे टाकायचेच तर अंगालगतच्या लोकरीवर टाका. कवच जुन्या कपड्यांच्या फ्रेतेक्स दुकानात किंवा फिन या जाहिरातींच्या संकेतस्थळावर वापरलेलं मिळतं. बूट एक माप मोठा, आत जाड मोजा घालूनही बोटं हलली पाहिजेत. हे सगळं तिकडेच घ्या. पुण्यात उणे तीसचं लेबल लावून विकतात ते बहुतेक वेळा भिजल्यावर जड होणारं गाठोडं असतं. हे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगितलं की ‘नॉर्वे म्हणजे नॉर्वे’ असं उत्तर येतं, आणि विमानतळावर मुलगा एप्रिलपर्यंत कपाटात राहणारं वीस हजारांचं जॅकेट काखेत घेऊन उभा असतो.

आता काळोख. साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य उगवत नाही, आणि डोंगर आडवे येत असल्याने गावातून २१ जानेवारीच्या सुमाराला पहिल्यांदा दिसतो. त्या दिवशी जॅम किंवा कस्टर्ड भरलेले सूर्याचे बन खातात. पण सूर्य नाही म्हणजे चोवीस तास अमावास्या, ही समजूत चुकीची. २१ डिसेंबरलाही भरदुपारी सूर्य क्षितिजाखाली तीनच अंश असतो, त्यामुळे सकाळी साडेनऊ ते दुपारी पावणेदोनच्या सुमारापर्यंत चांगला निळसर संधिप्रकाश असतो. नेमक्या त्याच वेळी आपली मंडळी पडदे ओढून झोपलेली, रात्री चारपर्यंत भारतातल्या मित्रांशी गप्पा मारून. मग काळोखाला दोष. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेकांना काळोख नाही, खोली खाते. अकरा वाजता बाहेर पडा, तासभर चाला. बेटाच्या धारेवर दिव्यांची स्कीची वाट आहे, तिच्या कडेने चालता येतं. स्कीच्या कोरलेल्या खाचांत मात्र पाय घालू नका, लोक चिडतात आणि बरोबरच चिडतात. ऑक्टोबर ते मार्च उन्हातून ड जीवनसत्त्व मिळत नाही, म्हणून नॉर्वेजियन माणूस नावात ‘र’ येणाऱ्या महिन्यांत रोज चमचाभर कॉडच्या यकृताचं तेल पितो. पाच मिलिलिटरमध्ये दहा मायक्रोग्रॅम. शाकाहारी असाल तर गोळ्या घ्या.

जेवणाबद्दल कुणी विचारत नाही, पण आधी गोंधळ तिथेच होतो. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. जाड स्टीलच्या बुडाचा, इंडक्शनला चालणारा न्या, आणि जादा गॅस्केट. तेल धुरावेपर्यंत तापवून मोहरी टाकायची सवय मोडा. वसतिगृहाच्या छतावरचा धूरशोधक तडतडणारी मोहरी आणि आग यांत फरक करत नाही, आणि अग्निशामक विनाकारण धावून आले तर बिल तुमच्या माथी येऊ शकतं. पंखा आधी लावा, स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा, फोडणी मध्यम आचेवर. मासे खाणाऱ्यांची चैन: जानेवारी ते मार्च ताजा कॉड, सोबत त्याचं यकृत आणि गाबोळी. कोकणातल्या माणसाला गाबोळी समजावून सांगावी लागत नाही. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा.

कागदपत्रांचं एवढंच: शरद २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लागते, आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे दीड लाख क्रोनरहून जास्त दाखवावे लागतात. पोचल्यावर क्रम चुकवू नका: पोलिसांकडे नोंदणी, मग कर कार्यालयात ओळख तपासणी, मग राष्ट्रीय क्रमांक, मग बँक खातं, मग बँकआयडी, म्हणजे ऑनलाइन ओळख. एकेकाला आठवडे लागतात, म्हणून दोन महिने पुरेल असं भारतीय कार्ड चालू ठेवा. भारतातून गेलेल्यांना क्षयाची तपासणीही सक्तीची आहे. खोलीसाठी विद्यार्थी संस्थेकडे प्रवेश मिळाल्या दिवशीच अर्ज करा. आठवड्याला वीस तास काम करता येतं, पण नॉर्वेजियन न येता मिळणारं काम बहुधा साफसफाई किंवा हॉटेलातलं, त्यावर फी निघत नाही.

वरचं सगळं ट्रॉम्सो गावापुरतं. काराशोककडे, फिनमार्कच्या पठारावर, उणे चाळीसही होतं, तिथे तुमचं जॅकेट कामाला येईल. ध्रुवप्रकाशासाठी ढग टाळायला लोक रात्री स्किबोत्न किंवा फिनलंडच्या किल्पिसयार्वीकडे जातात, तिकडचा गारठा गावापेक्षा पुष्कळ कडक. जाणार असाल तर त्या एका रात्रीपुरता जाड सूट भाड्याने मिळतो. डोंगरावर स्कीने जायचं असेल तर तीस अंशांहून तिरक्या उतारांवर हिमकडे कोसळतात, रोजचा इशारा वाचल्याशिवाय निघू नका. आणि काळोखाबद्दल मी जे बेधडक लिहिलं, ते आळसाबद्दल होतं. दोन आठवडे झोप, भूक, अभ्यास सगळंच बिघडलं असेल तर फिरून बरं होत नाही, डॉक्टरकडे जा. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर ११६११७, जिवावर बेतलं असेल तर ११३. मनगट मोडलं तरी ११६११७ लाच.