आयर्लंडच्या धर्मग्रामात सेवा करायची आहे? वसई सोडण्यापूर्वी हे वाचा

ताई, तुम्ही विचारलंय की नर्सच्या नोकरीवर आयर्लंडला येताय, नवरा आणि मुलं मागाहून येतील. वसईत तुम्ही धर्मशिक्षणाचा वर्ग घेता, गरजूंना मदत करणाऱ्या विन्सेंट डी पॉल संस्थेच्या कामातही असता. इथल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) आणि त्याच्या कम्युनिटी सेंटरमध्ये तशी सेवा करता येईल का, त्याला काय लागतं, आणि व्हिसाला किंवा मुलांच्या शाळेला तिचा उपयोग होतो का? मीही वसईचीच, बरीच वर्षं डब्लिनजवळ राहते, म्हणून सविस्तर लिहिते.

करता येईल, आणि माणसांची निकड फार आहे. 2016 च्या जनगणनेत इथल्या 79 टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं होतं, 2022 मध्ये 69 टक्क्यांनी. रविवारच्या मिस्साला येणारे त्याहून कितीतरी कमी. धर्मगुरू थकलेत, काही ठिकाणी एकाच फादरकडे दोन-तीन चर्च असतात. वाचन, वेदीची फुलं, दानाच्या पैशांची मोजणी, हॉलच्या किल्ल्या, हे सगळं बहुतेक ठिकाणी सत्तरीच्या आसपासची मोजकी मंडळी ओढून नेतात. आपल्याकडे सण जवळ आला की कोणीतरी दारात येऊन काम सांगतं. इथे तसं कोणी येणार नाही. लोक मायाळू आहेत, पण नव्या माणसावर भार टाकायला संकोचतात. म्हणून पहिल्या काही रविवारांतच पॅरिश ऑफिसात जाऊन नाव, फोन नंबर आणि मोकळा वेळ सांगा. ‘काहीही काम द्या’ यापेक्षा ‘गुरुवारी सकाळी दोन तास येईन’ असं म्हटलेलं बरं. फादरांना आणि ऑफिसातल्या बाईंना त्यावर काहीतरी ठरवता येतं.

धर्मशिक्षणाचा वर्ग मात्र लगेच हाती येणार नाही. मुलांबरोबर किंवा असहाय प्रौढांबरोबर काम करायचं तर आधी गार्डा व्हेटिंग, म्हणजे पोलिसांमार्फत होणारी तपासणी, पूर्ण व्हावी लागते. त्याचा कायदा 2012 चा, 29 एप्रिल 2016 पासून लागू झाला. तपासणीआधी कामाला लावलं तर संस्थेवर गुन्हा होतो, त्यामुळे फादर कितीही ओळखीचे असले तरी सूट मिळत नाही. हॉस्पिटल नोकरीसाठी तुमचं व्हेटिंग करेलच, पण त्यावर धर्मग्रामाचं भागत नाही, त्यांचं वेगळं होतं. फॉर्ममध्ये जन्मापासून आजपर्यंत राहिलेल्या प्रत्येक घराचा पत्ता, मध्ये खंड न पडता, भरायचा असतो. नर्सिंगचं हॉस्टेल, मामाच्या घरी काढलेली वर्षं, भाड्याची खोली, सगळं. आपल्या गावांत घराला नंबर नसतो, तेव्हा गाव, तालुका, पिनकोड आणि तिथे राहिल्याची वर्षं आत्ताच आईबाबांना विचारून वहीत उतरवून ठेवा. भारतातल्या काळासाठी पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागू शकतात.

हे इतकं कडक का, तेही समजून घ्या. 2009 मध्ये रायन आणि मर्फी असे दोन चौकशी अहवाल आले. धर्मसंघांनी चालवलेल्या संस्थांत मुलांवर अनेक दशकं झालेले अत्याचार, आणि डब्लिन महाधर्मप्रांतातल्या तक्रारी कशा झाकल्या गेल्या, हे त्यांत आलं. तुमच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या आजींच्या घरातलंच कोणी त्यातून गेलेलं असू शकतं. म्हणून या नियमांना कागदी उपचार समजू नका. मुलाला एकट्याला खोलीत नेऊन समजावणं, आपल्या गाडीतून घरी सोडणं, वर्गाचा फोटो ग्रुपवर टाकणं, हे आपल्याकडे सहज होतं, इथे करायचं नाही. मला हे नियम पटतात, आणि आपल्या धर्मग्रामांतही ते इतक्याच काटेकोरपणे पाळले जावेत असं मनापासून वाटतं.

व्हेटिंग होईपर्यंत रिकामं बसायचं कारण नाही. सगळ्यात चांगली सुरुवात म्हणजे मयतीचा चहा. इथे बहुधा दोन-तीन दिवसांत अंत्यविधी होतो. बातमी आर.आय.पी. डॉट आय.ई. या वेबसाइटवर येते, आणि नुसती तोंडओळख असलेले लोकही आवर्जून येतात. दफनानंतर पुष्कळदा पॅरिश सेंटरमध्ये चहा आणि सँडविच असतात. पावाला लोणी लावणं, किटल्या भरणं, कप विसळणं, यात दोन तास जातात आणि तेवढ्यात अख्ख्या गावाची ओळख होते. तुमच्या इंग्रजीची, नोकरीची चौकशी कोणी करत नाही. पुढच्या वेळी ऑफिसातून आपणहून फोन येतो.

तुमच्या नवऱ्यासाठी ‘फॉल्चा इश्टाख’ शोधा. परदेशातून आलेल्यांशी इंग्रजीत गप्पा मारून भाषा सोपी करून देणारे हे वर्ग 2006 मध्ये मीथ परगण्यातल्या समरहिल गावी सुरू झाले, आता देशभर आहेत. शिकवणारे बहुतेक निवृत्त लोक. आधी शिकायला जावं, बोलणं सुधारलं की स्वयंसेवक म्हणून बसावं. विन्सेंट डी पॉल संस्था इथे 1844 पासून आहे. दोघं-दोघं मिळून घरभेटी देतात, वीजबिल, अन्न, शाळेचा खर्च बघतात. काम ओळखीचं वाटेल, पण तिथेही आधी व्हेटिंग आणि प्रशिक्षण असतं. कोणाच्या घरी काय पाहिलं हे जिवलग मैत्रिणीलाही सांगायचं नाही.

व्हिसा आणि शाळेबद्दल थोडक्यात. सेवेचे गुण वर्क परमिटसाठी धरत नाहीत. सेंटरवर कोणी पगारी तास देऊ केले तर थांबा, तुमचं परमिट तुमच्या मालकाशी बांधलेलं असतं. प्राथमिक कॅथलिक शाळांतही 2018 च्या कायद्यानंतर प्रवेश धर्मावर ठरत नाही, तेव्हा त्या हिशेबाने सेवा करू नका. मुलांच्या पहिल्या ख्रिस्तशरीराच्या (फर्स्ट होली कम्युनियनच्या) तयारीला बाप्तिस्म्याचा दाखला मात्र लागेल. हा विधी साधारण दुसरीच्या वर्गात असतो.

आणि एक मागणं. इथे नर्स म्हणून नोंदणी होण्यासाठीची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट किंवा अ‍ॅडॅप्टेशन (हॉस्पिटलमधला देखरेखीखालचा काळ) चालू असताना कोणताही शब्द देऊ नका. बारा-तेरा तासांच्या ड्युट्या, नवं हवामान, मुलं दूर, त्यात रविवारचा वर्ग अंगावर घेतलात तर मध्येच सोडावा लागेल, आणि तिथल्या मुलांचं नुकसान होईल. मिस्साला जा, पहिला हिवाळा निघू द्या. पुढे रोस्टर हातात आलं की महिन्यातून एकच काम घ्या, पण ते चुकवू नका.

निघण्यापूर्वी तुमच्या प्रमुख धर्मगुरूंकडून लेटरहेडवर इंग्रजीत चार ओळींचं पत्र घ्या: कोणत्या वर्षापासून, कोणत्या वयाच्या मुलांना शिकवलं, आणि चर्चचा ईमेल. इथून खात्री करायला मेल आला की उत्तर द्या, असंही त्यांना सांगून ठेवा. बाप्तिस्म्याचे दाखले आणि पोलिस क्लिअरन्स याच फाइलमध्ये लावा, आणि ती फाइल हातातल्या बॅगेत ठेवा.