एफडी मोडून पायलट शूट करू का?

प्रश्न : ताई, मी कराडचा. गुऱ्हाळावर राबणाऱ्या एका कुटुंबाची डेली सोप डोक्यात आहे, दोन वर्षं लिहितोय. पाच लाखांची एफडी मोडून बावीस मिनिटांचा पायलट (नमुन्याचा पहिला एपिसोड) स्वतःच शूट करावा आणि मग मराठी चॅनेल्सकडे जावं असं वाटतंय. मित्र म्हणतात नुसते कागद घेऊन गेलास तर चहापण विचारणार नाहीत, आई म्हणते वेड लागलंय. काय करू?

उत्तर : या वेळी आईचं ऐक. हे मी पोळलेल्या हाताने लिहितेय. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी असाच पायलट केला होता, चार दिवस युनिट, जनरेटर, जेवण, वर एडिट आणि साउंडचं बिल वेगळंच, आणि चॅनेलमधल्या माणसाने तो मोबाइलवर चार-पाच मिनिटं बघितला आणि विचारलं, "छान आहे, पण दोनशेव्या एपिसोडला काय होतंय?" आमच्याकडे उत्तरच नव्हतं.

डेली सोपमध्ये खरी भानगड हीच आहे. आठवड्याला सहा एपिसोड पाडायचे असतात, त्यामुळे पहिला किती देखणा झालाय यापेक्षा गोष्टीत दम किती आहे हे बघतात. आणि पसंत पडलंच तर चेहरे त्यांचे, सेट नवा, लुक टेस्ट पुन्हा, म्हणजे तुझ्या पायलटमधला एक शॉटही ऑन एअर जात नाही. शिवाय अशा मालिकांचे हक्क साधारण चॅनेलकडेच जातात आणि कलाकारांचं पेमेंटसुद्धा नव्वद दिवसांनी होणाऱ्या या लाइनीत तुझे पाच लाख कोण आणि कधी भरून देणार, सांग बरं.

त्यापेक्षा वन लायनर (म्हणजे गोष्ट अगदी थोडक्यात), पात्रांचं बायबल (कोण कसा, कुणाचं कुणाशी नातं काय) आणि पहिल्या पन्नास एपिसोडचे ट्रॅक, म्हणजे कथेचे धागे, लिही. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा मेंबर होऊन ते रजिस्टर कर, कारण नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो (आर. जी. आनंद केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच हे सांगितलंय), जे कागदावर उतरवलंयस त्यालाच संरक्षण. मग एखाद्या चालू प्रॉडक्शन हाउसला गाठ, एकट्या नव्या माणसाला चॅनेल सहसा थेट मालिका देत नाही.

सहा-आठ एपिसोडची वेबसिरीज असती तर थोडं वेगळं बोलले असते, तिथे टोन दाखवावा लागतो. पण टीव्हीएफ या वेबसिरीज करणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये 'पर्मनंट रूममेट्स' थेट यूट्यूबवर टाकली तेव्हा त्यांच्याकडेही स्पॉन्सर होता बरं का, एफडी नव्हे.

अगदीच हात शिवशिवत असतील तर एकच सीन कर, तीन मिनिटांचा, गुळव्या आणि त्याच्या मुलीचा, ओळखीच्या नाटकवाल्यांना घेऊन, पन्नास हजारांच्या आत. फक्त गुऱ्हाळ चालू असतानाच कर हां, भर पावसाळ्यात चुलवाण थंड पडलेलं असतं आणि उकळती काहील खोटी कुठून आणणार तू!