लाकडी कारखाना आणि जपानी वळचण

प्रश्न : काजूगरांची प्रतवारी व वेष्टन करण्याचा छोटा कारखाना आणि त्याच्या माडीवर कार्यालय, अशी जपानी धाटणीची लाकडी इमारत बांधण्याचा माझा विचार आहे. गोव्याच्या पावसात ती टिकेल काय? आगीचा धोका किती? – एक वाचक, फोंडा

उत्तर : टिकेल, मात्र जपानकडून आपण नेमके काय उचलता, यावर ते अवलंबून आहे. शोजी म्हणजे कागद लावलेली सरकती दारे-खिडक्या आणि बारीक पट्ट्यांच्या जाळ्या छायाचित्रांत शोभतात, पण जपानमधील नारा शहराजवळच्या होर्युजी या बौद्ध मंदिराच्या सर्वांत जुन्या इमारती सुमारे १३०० वर्षे उभ्या आहेत त्या जाळ्यांच्या जोरावर नव्हे. (शोजीचा कागद तर आपल्याकडे एका पावसाळ्यात बुरशीने काळवंडेल, तसाच मंद उजेड हवा असल्यास जुन्या गोमंतकीय घरांतील शिंपल्यांच्या खिडक्या आठवाव्यात.)

लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला, तर ते सहसा कुजत नाही. तेथील सुतारांची सारी कसब या एका गोष्टीपाशी येऊन थांबते. खांब जमिनीत न गाडता दगडावर उभा करतात, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते ते कापलेल्या टोकाकडून. आपले जोते जांभ्याचे असेल. परंतु जांभा स्वतःच पाणी शोषतो, म्हणून खांबाखाली घट्ट काळा दगड घालावा आणि बूड त्यापासून किंचित वर, गंजरोधक पोलादी बैठकीवर ठेवावे. ही बैठक दगडाशी पक्की जखडणे आवश्यक आहे, कारण वादळी वारा हलके छप्पर उचलू पाहतो. बुडाशी फट उघडी राहिली, तर वाळवीची मातीची वाटही वेळीच दिसते. तरीही बूड कुजलेच, तर तेवढाच तुकडा कापून खाचेच्या सांध्याने नवा जोडण्याची ‘नेत्सुगी’ ही पद्धत जपानमध्ये रूढ आहे. त्यासाठी खांबाचा पाय भिंतीत चिणू नये.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग वाऱ्याबरोबर तिरपा येतो. दुमजली इमारतीची वरची वळचण कितीही पुढे काढली, तरी तळमजल्याच्या भिंती भिजणारच. होर्युजीच्या मुख्य मंडपाला खालच्या बाजूस ‘मोकोशी’ नावाचे पाखे नंतर जोडलेले आहे. तसे पाखे माडीच्या पातळीवर चारही बाजूंनी फिरवल्यास पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील आणि मालाच्या चढ-उतारासाठी ओसरीही मिळेल. मोकळ्या दालनासाठी सहा ‘केन’ (लांबीचे जपानी माप) म्हणजे सुमारे १०.९ मीटर रुंदी सोयीची ठरेल. एवढ्या लांबीची सलग सागवानी तुळई मिळणे कठीण असल्याने थर चिकटवून केलेली तुळई किंवा कैची (छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा) वापरावी. गोदामाची जमीन मात्र काँक्रीटचीच ठेवावी; तेथे लाकडाचा हट्ट नको.

आगीत लाकूड लगेच कोसळते असे लोकांना वाटते, पण जाड लाकडाचे उलटे आहे. जाड तुळई बाहेरून मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर या गतीने कोळसते, आणि तो कोळसा आतल्या गाभ्याला काही काळ वाचवतो. म्हणजे तासाभरात प्रत्येक उघड्या बाजूने सुमारे ४२ मिलिमीटर लाकूड जाईल असे धरून जाडी ठरवता येते. धोका आहे तो पातळ पट्ट्यांचा, तसेच उघड्या पोलादी सांध्यांचा, कारण ते लवकर तापून नरम पडतात. ते लाकडाच्या पोटात झाकावेत. नकाशा पक्का करण्यापूर्वीच अग्निशमन दलाकडे या हिशेबासह जावे, कारण खांबांची जाडी नंतर वाढवणे फार महाग पडते.