क्लोझापीन सुरू केल्यापासून भावाला आठवडाभर शौचाला साफ होत नाही, गोळी बंद करू का?

गोळी मनाने बंद करू नका आणि आणखी वाटही बघू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना आजच फोन लावा. पोट फुगलंय, उलटी होतेय, वारासुद्धा सरत नाही, यातलं एक जरी असेल तर फोनात वेळ घालवू नका, थेट सर्जन असलेल्या दवाखान्यात न्या.

आमच्या दादाचं सांगतो. यावल तालुक्यात आमचं गाव, केळीची शेती. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-संशयाचा मानसिक आजार, त्यावर दोन गोळ्यांनी गुण आला नाही, तेव्हा क्लोझापीन लावली. या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला त्यांची तपासणी. मी त्याला मोटरसायकलवर भुसावळला न्यायचो, एकही आठवडा चुकवला नाही. सगळ्यांचं लक्ष त्या रिपोर्टवर. संडासचं कोणी विचारलं नाही, मीही नाही. त्यात आधीच्या गोळीने हात थरथरायचे म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल तशीच चालू होती. क्लोझापीन आतडं मंद करते, तीही करते.

पाचव्या महिन्यात दादा वरण-बट्टीच्या अर्ध्या ताटावरून उठायला लागला. आई रोज विचारायची, "पोट दुखस का रे भाऊ?" तो म्हणायचा, "नही." तो लपवत नव्हता. या आजारात बऱ्याच जणांना दुखणं जाणवतही नाही, सांगताही येत नाही. काका म्हणाले केळी द्या, इसबगोल द्या. मी दिला. सुस्त पडलेल्या आतड्यात इसबगोल नुसता फुगून बसतो, हे नंतर कळलं. मग दोनदा पातळ झालं आणि आम्ही समजलो, मोकळा झाला. ते अडकलेल्या मळाच्या कडेने झिरपत होतं. तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी गॅस म्हणून डायसायक्लोमिन दिलं. तेही आतडं मंदच करणारं औषध. त्यानंतर चौथ्या रात्री हिरवी उलटी, पोट नगाऱ्यासारखं. पहाटे भाड्याच्या गाडीने जळगाव गाठलं. एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, आतडं हलतच नाहीये, उशीर केला असता तर फुटलं असतं. नाकातून नळी, सलाईन, 9 दिवस मुक्काम. ऑपरेशन टळलं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर सगळ्या नातेवाइकांसमोर काका म्हणाले, "त्या गोळ्यांनी पोराला खाल्लं. मी आधीच सांगत होतो, बंद करा." अजूनही दर लग्नात तेच ऐकवतात. तेव्हा मला बोलता आलं नाही, इथे बोलतो. गोळीआधी 7 वर्षं दादा खळ्यातल्या खोलीतून बाहेर येत नव्हता. पंख्यातून आवाज येतात म्हणून मे महिन्यात पंखा बंद करून बसायचा, आणि आपल्याकडचा मे काय असतो ते खान्देशात कोणाला सांगायला नको. त्या 7 वर्षांत काका त्या खोलीत एकदाही गेले नाहीत. क्लोझापीननंतर दादा केळीच्या घडांना टेकू लावायला स्वतःहून शेतात आला. गोळी देणं चूक नव्हतं. पोटाचा हिशोब ठेवला नाही, ती चूक होती, आणि तिच्यात मी धरून सगळे होतो. 2020 च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीच्या बद्धकोष्ठतेबद्दलचा इशारा आणखी कडक केला. म्हणजे हे आमच्याच घरातलं अघटित नव्हे.

नंतर मनोविकार डॉक्टरांनी क्लोझापीन 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवली, ट्रायहेक्सिफेनिडिल काढली, पोट साफ राहायची पावडर रोजची केली. कॅलेंडरवर रोज खूण होते. खूण नसेल त्या दिवशी आई विचारते. मोठ्या माणसाला असं विचारणं बरं दिसत नाही, असं वहिनी म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. जेवलास का विचारतो, तसंच हेही विचारायचं.

मी शेतकरी आहे, डॉक्टर नाही, तेव्हा तुमच्या भावाला काय द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. पोट फुगलेलं असताना घरच्या घरी जुलाबाचं औषध देऊ नका. काही कारणाने गोळीत दोन दिवसांहून जास्त खंड पडला, तर जुना डोस परस्पर सुरू करू नका. आणि भाऊ बिडी ओढत असेल अन् एकदम सोडली, तर रक्तातलं क्लोझापीन वाढतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.