‘ठिगळ’ नव्हे, ‘दुपदरी आसन’

प्रश्न: अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातल्या (१८६१–६५) केंद्रीय (उत्तरेच्या) सेनेच्या घोडेस्वाराच्या विजारीचे मराठीत वर्णन लिहायचे आहे. आसनावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला त्याच कापडाचा आणखी एक थर शिवलेला आहे. त्याला ‘ठिगळ’ म्हणावे की ‘अस्तर’? आणि ती ज्या ‘कर्झी’ कापडाची आहे, त्याला मराठी शब्द आहे का?

उत्तर: ठिगळही नको, अस्तरही नको. ठिगळ म्हटले की आधी फाटणे आलेच. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार असे आपण म्हणतो, त्यातही क्रम तोच. अस्तर आतून असते आणि बहुधा वेगळ्या, हलक्या कापडाचे असते. इथला थर बाहेरून दिसतो, आणि खोगिराशी घासून मूळ कापड झिजू नये म्हणून तो मुद्दाम दिलेला असतो. मराठीत ‘दुपदरी’ हा शब्द तयारच आहे. ‘दुपदरी आसन’ लिहावे. थर पायांवर उतरला असेल तर ‘आसन व मांड्या आतून दुपदरी’ असे नको, कारण ‘आतून’ म्हटल्यावर पुन्हा अस्तर डोळ्यांपुढे येते. ‘आसन व मांड्यांची आतली बाजू दुपदरी’ असे लिहावे.

शब्द ठरवण्याआधी कापड मात्र पाहायला हवे. वरच्या थराची कड शिवणीत गेली आहे का, हे विजार उलटी करून पाहावे. पायाच्या आतल्या शिवणीत दोन्ही पदर एकाच दोऱ्याने धरले असतील, तर विजार बेतली तेव्हाच ती दुपदरी होती. कड शिवणीवरून पलीकडे गेली असेल, तर थर नंतर चढला असण्याची शक्यता असते. मग कडेची एखादी उसवलेली जागा शोधावी आणि तिथून खालचे कापड पाहावे. ते दाट, लव शाबूत असलेले निघाले तर झिजण्यापूर्वीच थर दिला होता: ‘मागाहून दुपदरी केलेली’. पायदळाच्या विजारीला हा थर नसे, त्यामुळे पायदळाची विजार घोडेस्वाराची म्हणून खपवताना नेमके हेच केले जाण्याची शक्यता असते. खालचे कापड विरळ किंवा फाटलेले निघाले तरच ठिगळ. दुपदरी आसनावर पुन्हा ठिगळ असू शकते. तेव्हा दोन्ही शब्द लिहावेत. आणि धागे भरून भोक बुजवले असेल तर ते रफू, ठिगळ नव्हे. पाहण्यासाठी शिवण उसवू नये, हे सांगायला नकोच.

नुकसानीचे शब्दही असेच सैल वापरले जातात. झिजलेल्या जागेचे कापड कडेकडून हळूहळू पातळ होत जाते. कसर लागली असेल तर भोकाभोवतीचे कापड चांगले दाट असते, आणि शेजारी नुसती लव खाऊन टाकलेले चरे दिसतात. ‘विटलेला’ हा शब्द फक्त रंगासाठी. त्यातही एक गोम आहे: सुटा धागा दहापट भिंगाखाली धरल्यावर निळ्या आणि पांढऱ्या तंतूंची सरमिसळ दिसली, तर विजारीचा आकाशी रंग मुळातच तसा कातलेला आहे, गडद निळा विटून झालेला नाही. शिवणीच्या आतले, उजेड न लागलेले कापड ताडून पाहिले की खात्री होते.

‘कर्झी’ला मराठी प्रतिशब्द शोधू नये. इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या एका गावाच्या नावाशी हे नाव जोडले जाते. विशेषनामासारखेच ठेवावे आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘तिरप्या विणीचे, मळून दाट केलेले जाड लोकरी कापड’ असा खुलासा करावा (मळणे म्हणजे ओले कापड तुडवून आटवणे). दर्शनी बाजूला लवेमुळे वीण दिसत नाही, म्हणून तिला साधी वीण समजण्याची चूक होते. लव झिजलेल्या जागी किंवा उलट्या बाजूला तिरप्या रेषा सापडतात. ‘लोकरी ड्रिल’ तर लिहूच नये. ड्रिलही तिरप्याच विणीचे, पण असे मळून दाट केलेले नसते आणि सहसा सुती असते. ‘खाकी’चा घोळ याच जातीचा: ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यामुळे खाकी हा रंग झाला, कापड नव्हे. कापडाचे वर्णन करताना तंतू, वीण आणि रंग या तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात.

आता कंबर. या विजारींना मागच्या बाजूला कंबरपट्टीत चीर असते आणि दोन्हीकडच्या भोकांतून दोरी ओवून ती आवळतात. दोरीला ‘नाडी’ म्हणायला हरकत नाही, पण ‘नेफा’ नको. नेफा म्हणजे नाडी ज्यातून सरकते ती दुमडीची पोकळ पट्टी, लेंग्याला असते तशी. इथे ती नाही.

‘टीप’ हा शब्दही जपून. हाताची टीप असते तशी मशिनचीही असते, म्हणून ‘हातटीप’ की ‘मशिनची टीप’ हे लिहावे. एका इंचात किती टाके ते तीन ठिकाणी मोजावे. हाताचे आकडे थोडे मागेपुढे होतात, मशिनचे जवळपास सारखे येतात. सैन्याचे कपडे शिवून घेणाऱ्या फिलाडेल्फियाच्या स्कूलकिल शस्त्रागाराचे कपडे हातशिलाईचे असत, तर कंत्राटदारांकडच्या विजारींत मशिनची टीपही सापडते. मशिनची टीप दिसली म्हणून विजार नकली ठरत नाही. टीप मशिनची असली तरी काजे हाताची असू शकतात, म्हणून काजांची नोंद स्वतंत्र करावी.